हिवरबर्डीचा मयत

धुळे
५ ऑगस्ट २०२५

केशरआजी,

सप्रेम जयभीम. मी विशाखा, तुमच्या भावाची, धुडकूआजोबांची नात. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी दोन वेण्या घालत होते. आता आरोग्यसेविका झाले आहे. मागच्या आठवड्यात फोन केला होता, पण तुम्ही "कोण, जेवलीस का" एवढंच म्हणालात आणि फोन सुषमाकाकूंच्या हातात दिलात. त्या म्हणाल्या, आईंना फोनवर ऐकू येत नाही, पत्र लिही, मी वाचून दाखवीन.

माझी नोकरी राखीव जागेवरची आहे. पडताळणी समितीकडून जातवैधतेचं प्रमाणपत्र आणून दिलं तरच ती राहील. त्यासाठी आपण कोण आणि कुठले, याचा १९५० च्या आधीचा कागद लागतो. आपण हिवरबर्डीचे, एवढं घरात सगळे सांगतात. पण हिवरबर्डी गावांच्या यादीत नाही, नकाशावर नाही, कुणा तलाठ्याला ठाऊक नाही. आठ महिने झाले, प्रत्येक सुट्टीला तहसीलच्या जुन्या कागदांच्या खोलीत बसते. घरी येऊन नाक पुसलं की रुमाल काळा होतो.

शेवटी जन्ममृत्यूची एक वही हाती लागली. शेजारच्या मोठ्या गावाच्या नोंदींत अधूनमधून "हिवरबर्डी" असा शब्द येतो. १९४० मध्ये एक ओळ आहे, "श्रीपत जागल्या यास मुलगी झाली." मुलीचं नाव नाही. त्या तुम्हीच असाल. पुढची पानं एकमेकांना चिकटली आहेत, ती हळूहळू सोडवते आहे.

आजी, तिथे किती घरं होती? कुणाकुणाची? गाव उठलं कसं? आजोबांना विचारलं तर म्हणतात, मी लहान होतो, आक्काला विचार. त्यांना सध्या खोकला आहे, बाकी बरे आहेत.

तुमची,
विशाखा


पांडेसरा, सुरत
१४ ऑगस्ट

विशाखा माय,

जयभीम. तुझं पाकीट मिळालं. पोस्टमन नवा आहे, गुजराती. त्यानं दारात उभं राहून "केशरबेन कोण छे?" असं विचारलं, तर गल्लीतली चार माणसं मला बघायला बाहेर आली. पत्र सुषमानं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिनं दोन ओळी गाळल्या, त्या मी तिला म्हणून दाखवल्या. वाचता येणाऱ्या माणसांची आठवण पातळ असते. हे ती लिहिते आहे आणि तोंड वाकडं करते आहे.

मी सांगायचं आणि तिनं लिहायचं, असं ठरलं आहे. तिच्या मांडीवर साडी आहे, एका हातानं ती साडीला खडे चिकटवते. तेव्हा अक्षरावर डिंक दिसला तर तो माझा नाही.

हिवरबर्डी सतरा घरांची. एक उघडी टेकडी आणि तिच्यावर एक हिवराचं झाड, म्हणून हिवरबर्डी. सात घरं भिल्लांची, पाच कोळ्यांची, चार आमची आणि एक सुईणबाईचं. सुईणबाई कोणत्या जातीची ते कुणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना तिनंच बाहेर काढलेलं. कोळ्यांच्या घरातली एक चंपी म्हणून होती, माझ्याच वयाची. ती आणि मी एका दगडावर बसून भाकरी खायचो. तिच्या आईला ते चालायचं नाही, म्हणून दगड लांबचा निवडला होता.

गाव उठलं कसं, असं विचारतेस. कुणी उठवलं नाही. फाटक्या पोत्यातून दाणे गळतात तसं गळालं. विहीर एका पावसाळ्यात आत ढासळली. आधी एक घर गेलं, मग दोन. आम्ही दीक्षा घेतली, जुनी गावकी सोडली, मोठ्या गावानं धान्य बंद केलं, मग तुझे पणजोबाही निघाले. मी लग्न होऊन इकडे सुरतेला आले, कपडा रंगवायच्या कारखान्यात. जाणारा प्रत्येकजण म्हणायचा, पोळ्याला येतो. पोळे बरेच झाले.

आता त्या वहीचं. माझे बाबा, म्हणजे श्रीपत, जागल्या होते. गावाची राखण करायची, सरकारी निरोप पोचवायचे, आणि दर बाजाराच्या दिवशी मोठ्या गावच्या पाटलाला सांगायचं की आठवड्यात कोण जन्मलं, कोण गेलं. बाबांना अक्षर येत नव्हतं. त्यांच्याकडे अंबाडीची दोरी होती. जन्माला सैल गाठ, मरणाला घट्ट. पोराची दुहेरी, पोरीची एकेरी. पाटलाच्या ओट्यासमोर खाली उभं राहून एकेक गाठ चाचपत बोलायचे आणि पाटील लिहायचा. मग जन्माच्या गाठी सोडून दोरी परत कामाला. मरणाच्या सुटायच्या नाहीत, त्या विळ्यानं कापायच्या. म्हणून दोरी दर साली आखूड व्हायची.

तेव्हा तुझ्या त्या वहीत जे आहे ते आमच्या दोरीतून आलेलं आहे. तू मुलगी झाली ही ओळ शोधलीस, फार झालं. तेवढी समितीला दाखव. चिकटलेली पानं चिकटलेलीच राहू दे, जुना कागद ओढला की फाटतो.

धुडकूला म्हणावं, खोकल्याला अडुळसा घे आणि विडी सोड. साठ वर्षं सांगते आहे.

केशर
(लिहिणार सुषमा. डिंक खरंच सांडला आहे, माफ कर.)


धुळे
२९ ऑगस्ट २०२५

केशरआजी,

जयभीम. तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. मागच्या रविवारी हिवराच्या खुणेवर हिवरबर्डीला जाऊन आले. हिवर आहे. बाकी कपाशी आहे. कपाशीत एके ठिकाणी उंबऱ्याचा दगड निघाला, त्यावर शेतकऱ्यानं पाण्याची मोटर बसवली आहे. मी त्याला म्हटलं, इथे सतरा घरं होती. तो म्हणाला, ताई, माझ्या आजोबांपासून हे शेतच आहे. त्याचं खोटं नव्हतं.

पानं मात्र मी सोडवली. रागावू नका. मुलीच्या ओळीवर समिती थांबत नाही, आजोबा हे श्रीपतचाच मुलगा, असं दिसायला हवं.

श्रीपत जागल्याच्या नावावर तुमच्यानंतर चार मुलगे आहेत. १९४२, १९४३, १९४५. तिघंही आठ दिवसांच्या आत मयत. चौथा ११ जानेवारी १९४७ ला जन्मला आणि १४ जानेवारीला मयत. दोन्ही ओळी एकाच शाईत, एकाखाली एक. त्यानंतर श्रीपतच्या घरात काहीच नोंद नाही.

आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९४७ आहे. समितीच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "श्रीपतचा हा मुलगा तर तीन दिवसांत वारला. मग तुमचे आजोबा कोण?" सुनावणी २५ सप्टेंबरला आहे. त्या दिवशी पुरावा नसला तर नेमणूक रद्द.

आजी, स्पष्ट विचारते. आजोबांना कुणाकडून घेतलं होतं का? कोळ्यांकडून, भिल्लांकडून? असेल तर असेल, मला त्याचं काही वाटणार नाही. पण मला कळायला हवं. त्यांना मी अजून काही विचारलेलं नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून ते तुमची जुनी पत्रं चाळतात. मी त्यांना चहा देते आणि आत येते.

विशाखा


पांडेसरा
५ सप्टेंबर

विशाखा,

पत्र मिळालं. धुडकू माझा सख्खा भाऊ आहे. कुणाकडून घेतलेला नाही. त्या चौथ्या पोराचं मला काही आठवत नाही. मी तेव्हा सात वर्षांची होते.

भेस्तानच्या वकिलाकडे जाऊन, हा माझा भाऊ आहे, असं लिहून दिलं आहे. त्याला इथे सोगंदनामं म्हणतात. ते गुजरातीत आहे, तुमच्या समितीला चालतं का बघ. अंगठा नीट उमटला नाही. वकील म्हणाला, "माजी, रेखा ज नथी." तीस वर्षं रंगाच्या पाण्यात हात घातल्यावर रेघा कुठून राहणार. तिसऱ्यांदा दाबून घेतला, तेव्हा शाईचा गोळा उठला.

दमले आहे. पुरे करते.

केशर

(विशाखा, ही खालची ओळ माझी, आईंना वाचून दाखवलेली नाही. ज्यांना शेजारच्या मांजरीचीही चार पिढ्यांची नावं आठवतात, त्या "आठवत नाही" म्हणाल्या, हे मी पहिल्यांदा लिहिलं. तुझं पत्र आल्यापासून एक भाकरी दोन वेळा पुरवतात. तू पुन्हा विचार. सुषमा)


धुळे
९ सप्टेंबर २०२५

आजी,

सोगंदनामं समितीला चालत नाही. नातेवाइकानं आत्ता लिहून दिलेलं काहीच चालत नाही. १९५० च्या आधीचा सरकारी कागद हवा.

मी आता पुन्हा विचारणार नाही. तुम्हाला त्रास होतो हे कळलं आहे. मीही दमले आहे. दिवसभर पाड्यांवर फिरते, कोण जन्मलं, कोण गेलं, ते मीच वहीत लिहिते. परवा एका बाईनं बाळाचं नाव ठेवलं नव्हतं, तरी मी तिच्यासमोर तासभर बसून राहिले, नाव लिहिल्याशिवाय उठले नाही. ती म्हणाली, "ताई, तुम्हाला काय एवढी घाई?"

नोकरी गेली तर जाईल. तुम्ही जेवत जा.

विशाखा


पांडेसरा
१३ सप्टेंबर

विशाखा माय,

सुषमानं तुला काय लिहिलं ते मला कळलं. तिला वाटतं मला वाचता येत नाही म्हणजे कागदाकडे बघताही येत नाही. मी सांगितलेल्या ओळी संपल्यावर पेन आणखी चार ओळी चाललं होतं. चांगलं केलं तिनं. हे मात्र तिला लिहायला लावते आहे, म्हणजे लाज वाटेल.

तर ऐक. आधी एक कबूल कर. हे धुडकूला वाचून दाखवायचं नाही. माझ्यात जीव आहे तोवर नाही.

तो चौथा पोर म्हणजे धुडकूच. तो मेला नव्हता. त्याला मेलेला लिहवून घेतला.

पाचव्या दिवशी सटवाई येते आणि पोराच्या कपाळावर त्याचं पुढचं लिहून जाते, असं तेव्हा सगळे धरून चालायचे. माझे तीन भाऊ पाचवी झाली की दोन-तीन दिवसांत गेले. तिसऱ्याच्या वेळी आई रडलीसुद्धा नाही, नुसती कपाळाकडे बघत होती. चौथ्याच्या वेळी तिनं डोकं चालवलं. म्हणाली, सटवाईचं लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही. सरकारचं लिहिलेलं पाटील वाचतो, मामलेदार वाचतो, त्यावर माणसं तुरुंगात जातात. मग मोठं लिहिणं कुणाचं? तीन दिवसांनी बाजार होता. बाबांना म्हणाली, पाचवीच्या आधी सरकारात लिहवून टाका की पोरगा मेला. सटवाई येईल, बघेल, हे घर आटोपलेलं आहे, आणि पुढे जाईल.

बाबा ऐकत नव्हते. खोटी वर्दी दिली तर जागलकी जायची, मार बसायचा तो वेगळा. शेवटी त्यांनी दोरी घेतली. एक सैल दुहेरी गाठ मारली. तिच्याशेजारी दुसरी मारली, पण ती ओढेनात. आईनं त्यांच्या हातातून दोरी घेतली आणि ओढून घट्ट केली. मी चुलीशी बसून बघत होते. तिनं मला जवळ घेऊन सांगितलं, "तुना भाऊ जित्ता शे, पण कोणले सांगू नको. सांगशी तर ती परत येई."

म्हणून त्याचं नाव धुडकू. फाटकं धुडकं कोण नेतं?

मला पुढे पुष्कळांनी म्हटलं, साक्षरतेच्या वर्गाला या. मी गेले नाही. लिहिलेलं खोटं असतं हे मी सातव्या वर्षी शिकले होते, आणखी काय शिकणार.

दीक्षा घेतली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. घरातले देव आम्ही नदीत सोडले. बाबासाहेबांच्या फोटोपुढे रोज मेणबत्ती लावते, आणि मनात त्या बाईला अजून भिते. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईनं हे कुणाजवळ बोलायचं? धुडकूला खोकला झाला असं कुणी कळवलं की मला वाटतं, मी कुठे बोलून तर नाही गेले. आता बोललेच आहे. बघू.

आता तुझ्या कामाचं. धुडकू दोन वर्षांचा असताना थंडीत देवी टोचणारा आला होता. सायकलवर, खांद्याला डबा. त्याच्याकडे स्वतःची वही होती, पाटलाची नव्हे. तो पोरांची नावंसुद्धा लिहायचा. आई मोठ्या गावाला गेली होती आणि जाताना धुडकूला कणगीत ठेवून गेली होती, धान्य नव्हतंच म्हणून जागा होती. तो आत रडला. टोचणाऱ्यानं ऐकलं, बाहेर काढला, दोन्ही दंडांवर टोचलं आणि लिहून घेतला. ज्यांना टोचलं त्यांना त्यानं एकेक लिमलेटची गोळी दिली. ती वही कुठे असेल ते मला ठाऊक नाही. पण धुडकूचे दंड बघ, वण आहेत. मेलेल्या पोराला कुणी देवी टोचत नाही.

आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं. धम्मरत्नालाही नाही, आणि तो माझा मुलगा आहे. सुषमानं खडे चिकटवायचे थांबवले आहेत.

केशर


धुळे
१२ ऑक्टोबर २०२५

केशरआजी,

जयभीम. आधी चांगली बातमी. वैधता मिळाली. नोकरी राहिली.

वही जिल्ह्याच्या जुन्या आरोग्य कार्यालयाच्या माळ्यावर होती. मी त्याच खात्यात काम करते आणि आठ महिने दुसरीकडे शोधत होते. डिसेंबर १९४९, हिवरबर्डी, टोचलेली मुलं अकरा. पाटलाच्या वहीत एकाही बाळाला नाव नाही, इथे अकराही नावं आहेत. अकरावं "धुडकू श्रीपत, वय २, महार." त्या ओळीसमोर शेरा आहे. पानाची नक्कल सोबत पाठवते आहे. शेऱ्यावर मी काही बोलत नाही, काकूंकडून वाचून घ्या.

आता वाईट बातमी, म्हणजे तुम्हाला वाईट वाटेल ती. तुमचं तेरा तारखेचं पत्र आलं तेव्हा मी पाड्यावर होते. संध्याकाळी आले तर आजोबा ओट्यावर बसले होते आणि पत्र फोडलेलं होतं. मी हात पुढे केला. ते म्हणाले, "थांब, अजून सटवाईपाशीच आहे."

सुनावणीला तेच आले. मी नको म्हणत होते. समितीच्या बाईंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, बराच वेळ वाचल्या आणि विचारलं, "आजोबा, यातले तुम्ही कोण?" त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि म्हणाले, "मयत तो मीच." बाईंनी चष्मा काढून पुसला. मग चहा मागवला.

खोकला कमी आहे. अडुळसा घेतात. विडी सुटलेली नाही. त्यांची चिठ्ठी याच पाकिटात आहे, मी वाचलेली नाही.

विशाखा


धुळे

आक्कास, धुडकूचा जयभीम.

पाकीट माझ्या नावाचं नव्हतं, तरी फोडलं. तुझं पत्र मीच फोडतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, तुलाच नव्हतं.

मी मेलेला आहे हे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळलं. आधी कळलं असतं तर गिरणीत रात्रपाळी केली नसती. आई मला अंगणात नावानं कधी हाक मारायची नाही, नुसतं "ए" म्हणायची. मला वाटायचं तिला मी आवडत नाही. एवढं एक तू आधी सांगायला हवं होतंस.

बाकी मला भीती वाटत नाही. या वयात सटवाई आली तरी तिला लवकर आली असं कोण म्हणेल?

एक विचारायचं आहे. ज्याला टोचलं त्याला गोळी मिळाली, असं तू लिहिलं आहेस. मग एक गोळी माझी होती. ती मला मिळाल्याचं आठवत नाही.

धुडकू


पांडेसरा
२० ऑक्टोबर

धुडकू,

दोघांना मिळून हे एकच पत्र आहे. विशाखाला वाचायला दे, फोडलं तूच असशील.

नक्कल आली. सुषमानं अकरा नावं एकेक करून वाचली. प्रत्येक नावाला मी थांब म्हणत होते. सुकलाल भिल्ल, हा भेस्तानला होता, त्याचा मुलगा अजून तिथे गाडी चालवतो. कोळ्यांचा महेश इच्छापोरच्या रस्त्याला कुठेतरी वॉचमन होता, मग ऐकू आलं नाही. दोन पोरी लग्न होऊन गेल्या त्या गेल्या. पाच वारले. एकाचं तोंडच आठवेना, तेव्हा सुषमा म्हणाली, आई, राहू दे. मी म्हटलं, राहू कसं दे, माझ्याशिवाय त्याला कोण आठवणार आहे? दुपारभर बसले. आठवला. उजव्या पायाला सहा बोटं होती. पुढे कुठे गेला ते ठाऊक नाही, पण बोटं सहा होती. हे विशाखानं कुठेतरी लिहून ठेवावं.

मग शेरा वाचला. मी तो तिच्याकडून तीनदा वाचून घेतला. "यादीत नाव नाही. मूल कणगीत ठेविले होते. बहीण केशर, वय ९, हिने दाखविले."

तर मी खोटं बोलले होते. तू रडला नव्हतास. गप्प बसला होतास कणगीत, तुला आईनं तसंच शिकवलं होतं. टोचणाऱ्याकडे पाटलाच्या वहीवरून केलेली यादी होती, तीत तू मेलेला. तो सायकलला टांग मारून निघालाच होता. मीच त्याला म्हटलं, आमच्या घरात अजून एक आहे.

का म्हटलं ते सांगते. आदल्या वर्षी चंपी देवीनं गेली. मी लांबून बघितलं होतं, तोंड ओळखू येत नव्हतं. मला सटवाईची भीती होती, पण तिला मी बघितलेलं नव्हतं. आणि टोचणारा म्हणाला होता, पोर आणून देईल त्याच्या हातात पोराची गोळी. दोन्ही खरं आहे. आता कोणतं जास्त होतं ते मला सांगता येत नाही. कधी वाटतं चंपी, कधी वाटतं गोळी.

आई आली, तुझे दंड बघितले, आणि मला फुंकणीनं मारलं. म्हणाली, आता हा गेला तर तुझ्या माथी. तेव्हापासून तू शिंकलास तरी माझ्या माथी. आई तुला हाक मारत नव्हती, कारण तिला तू फार हवा होतास. हे आधी सांगायला हवं होतं, चुकलं. मी स्वतःला वाचवत बसले होते.

पोरांनो, वह्या खोट्या असतात असं मी जन्मभर म्हणत आले. आणि माझं खोटं एका वहीनंच पकडलं, तेही मेलेल्या माणसाच्या अक्षरात. सुषमाला म्हटलं, माझं नाव कुठे आहे तिथे बोट ठेव. तिनं ठेवलं. बारीक आहे, शेवटी कोपऱ्यात कोंबलेलं. पाटलानं मला नुसती मुलगी लिहिलं होतं.

गोळी मी खाल्ली. तुला फक्त टोचलं. नारिंगी होती, हिवराखाली बसून खाल्ली, एकटीनं.

सोबत पाव किलो लिमलेट पाठवते आहे. दुकानदाराकडून फक्त नारिंगी निवडून घेतल्या, तो मला "माजी, हवे जावो", आता जा, असं म्हणेपर्यंत. तुला साखर आहे, तेव्हा तू एकच खायची. शहात्तर वर्षांची उधारी एका गोळीत फिटली असं धर. आणि आता सरकारी जिवंत झालास म्हणून मरायची घाई करू नकोस. थोरली मी आहे.

विशाखा, बाकीच्या गोळ्या तुझ्या पिशवीत ठेव. टोचल्यावर पोरांना एकेक देत जा. आणि यादीत नसलेलं पोर कुणी आणून दाखवलं, तर दाखवणाऱ्याला दोन दे.

केशर